वाडीशेजारी मॉल येतोय आणि दीर म्हणतात सही करू नकोस

पत्र:

"नमस्कार ताई. आम्ही मावळात राहतो, हायवेपासून आत, साठेक घरांची वाडी आहे. मागच्या आठवड्यात पेपरात नोटीस आली की आमच्या वाडीला लागून असलेल्या काही गटांची मिळून अकरा एकर जमीन रहिवास विभागातून काढून वाणिज्य विभागात टाकायचा प्रस्ताव आहे. हरकती एक महिन्यात द्या असं लिहिलंय. तिथे मॉल, हॉटेल आणि लग्नाचा मोठा हॉल होणार म्हणतात, पंचायतीत त्याचं चित्र पण लावलंय, झाडं, कारंजी सगळं. त्यातला एक गट माझ्या दिरांचा आहे. वाडीला एकच सार्वजनिक विहीर, मार्चनंतर टँकर मागवतो. रस्ता एवढाच की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकाने मागे जायचं, आणि त्याच रस्त्याने मुलं चालत शाळेत जातात. बायका सगळ्या काळजीत आहेत पण पुढे व्हायला कोणी तयार नाही. दीर म्हणतात तुझ्या एका सहीने काय होणारे, उगाच घरात भांडण लावशील, गावात चार दुकानं आली तर पोरांनाच काम मिळेल. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मी काय करू?" (एक वाचक, मावळ तालुका)

उत्तर:

ताई, नमस्कार. आधी दिरांच्याच प्रश्नाचं उत्तर देते, एका सहीने काय होणारे. सही नुसती असेल तर खरंच फार काही होत नाही. पण सहीच्या वर जर तुमच्या विहिरीचं, तुमच्या रस्त्याचं, तुमच्या गटाचं लिहिलेलं असेल तर तो कागद फाइलमध्ये लागतो, त्यावर सुनावणी घ्यावी लागते, अधिकाऱ्याला त्या मुद्द्यावर अहवालात काहीतरी लिहावंच लागतं, आणि उद्या कोणी कोर्टात गेलं तर कोर्टही पहिलं हेच विचारतं की तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का. म्हणून माझं उत्तर सरळ आहे, हरकत द्या. तुम्ही जमिनीच्या मालक नसलात तरी देता येते, कायद्यात कुठलीही व्यक्ती असं म्हटलंय, भाडेकरू देऊ शकतो, शाळेचे मास्तर देऊ शकतात, वाडीतली सून तर नक्कीच देऊ शकते.

आता ते पंचायतीत लावलेलं चित्र. ताई, या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर त्या चित्राचा. कारण सरकार मंजुरी देणार आहे ती झोन बदलाला, त्या चित्राला नाही. एकदा ते अकरा एकर वाणिज्य विभागात गेले की त्या विभागात नियमाने जे जे चालतं ते सगळं तिथे होऊ शकतं, आजचा मालक मॉल बांधेल, बांधणार नाही, परवानगी खिशात घालून दुप्पट भावाने दुसऱ्याला विकेल, आणि तो दुसरा तिथे गोडाऊन काढेल नाहीतर हॉटेल आणि परमिट रूम काढेल, तेव्हा ते चित्र घेऊन तुम्ही कोणाकडे जाणार? त्यामुळे गावात चर्चा मॉल हवा की नको अशी होऊ देऊ नका. चर्चा अशी व्हायला हवी की वाणिज्य विभागात काय काय बसतं आणि ते सगळं आपल्याला दाराशी चालेल का. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, त्यात प्रत्येक विभागात काय चालतं याची यादी आहे, मराठीत लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात, कोणाही आर्किटेक्टकडे मिळेल. वाणिज्य विभागाची पानं झेरॉक्स करा आणि वाडीत चार घरी वाचून दाखवा. चित्र बघून जे खुश झालेत त्यातले निम्मे यादी ऐकून विचारात पडतील असं मला वाटतं.

दुकानांचं दिरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, गावात पोरांना काम नाही हे खरं आहे आणि ज्याची जमीन आहे त्याला भाव मिळावा असं वाटणं यात काही वाईट नाही. पण किराणा, दवाखाना, गिरणी, पार्लर असल्या रोजच्या गोष्टींना रहिवास विभागात पण जागा आहे, आणि मोठ्या रुंदीच्या रस्त्याला लागून असेल तर आणखी बऱ्याच प्रकारची दुकानं ऑफिसं चालतात. म्हणजे पोरांना गाळे हवे असतील तर त्यासाठी अकरा एकराचा झोन बदलायची गरज नाही. हे दिरांना सांगा, शांतपणे सांगा, कारण त्यांचा मुद्दा पोरांचा आहे की जमिनीच्या भावाचा आहे हे त्यांच्या उत्तरावरून तुम्हाला लगेच कळेल. आणि भाव वाढतो तो विकणाऱ्याला, राहणाऱ्याला त्याचा खर्चच असतो, घरपट्टी पण शेवटी रेडी रेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराला बांधलेली असते.

आता नोटिशीकडे या. ती पूर्ण वाचा, बातमी नको, नोटीसच हवी. मावळ पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो, पण पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा जो २०२१ मध्ये आला होता, ज्यावर ६७ हजारांच्या आसपास हरकती गेल्या, तो सरकारने २०२५ मध्ये रद्द करायचा निर्णय घेतला, त्यामुळे तुमच्याकडे अजून १९९७ साली मंजूर झालेली पुणे प्रादेशिक योजनाच आधार आहे. आणि तिच्यात असा तुकड्याचा बदल करायचा तर १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगर रचना कायद्याच्या कलम २० खाली नोटीस काढावी लागते, तुमची तीच असणार, वर कलम लिहिलेलं असतं बघून घ्या. (तो प्रारूप आराखडा ६७ हजार हरकतींमुळेच रद्द झाला असं मी म्हणणार नाही, हायकोर्टात केसेस पण चालू होत्या, पण हरकतीला कोण विचारतं असं कोणी म्हणालं तर हा आकडा जरूर सांगा.) मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची हे नोटिशीत लिहिलेलं असतं, बरेचदा ती राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून असते आणि पेपरात नंतर येते, म्हणजे तुम्ही महिना धरून बसलात तर प्रत्यक्षात पंधराच दिवस उरलेले असू शकतात. म्हणून उद्याच राजपत्राची तारीख काढा, पुणे विभागीय पुरवणीत असेल.

हरकत ज्या ऑफिसला द्यायला सांगितलीय तिथेच द्यायची, ते बहुतेक नगर रचनाच्या सहसंचालकांचं असेल, आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. पोस्टाने पाठवायची तर रजिस्टर करून पावती जपून ठेवा. तलाठ्याकडे किंवा सरपंचाकडे दिली म्हणजे पोचली असं समजू नका, तिथे दिलेली हरकत ही हरकत धरलीच जात नाही कित्येकदा, आणि महिना गेल्यावर कळतं.

आणि कृपा करून एकच मजकूर टाइप करून त्याच्या साठ झेरॉक्स काढून खाली साठ सह्या असं करू नका. सगळीकडे हेच होतं आणि ऑफिसात त्या साठ कागदांचा एक मुद्दा म्हणून निकाल लागतो. प्रत्येक घराने आपलं लिहावं, मोडक्या भाषेत चालेल, हाताने लिहिलेलं चालेल. ज्यांचं घर त्या जागेला लागून आहे त्यांनी अंतर लिहावं. ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनी शाळेच्या वेळा लिहाव्यात. टेप घेऊन रस्ता मोजा, चार ठिकाणी मोजा, सगळ्यात अरुंद कुठे आहे तिथला फोटो काढा टेप धरूनच. टँकरची बिलं पंचायतीत असतील, गेल्या काही वर्षांची मागा, देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, पण त्यांना उत्तराला ३० दिवस असतात म्हणून आजच टाका आणि हरकतीत लिहा की माहिती मागवली आहे, आल्यावर सादर करू. शेवटी एक ओळ प्रत्येकाने लिहायचीच, मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे.

पाण्याचं जरा नीट सांगते कारण तुमचं खरं दुखणं तेच आहे. आज विहिरीवर साठ घरं आहेत आणि मार्चला ती आटते. हॉटेल आणि लग्नाचा हॉल आला की पाण्याची गरज कितीतरी पटीने वाढणार आणि पंचायतीच्या नळाने ती भागणार नाही, मग बोअर पडणार. भूजलाच्या कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय दुसरी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, तुमची विहीर सार्वजनिक आहे म्हणालात, तर ती जागा विहिरीपासून किती मीटरवर आहे हे मोबाइलच्या नकाशावर मोजून हरकतीत टाका. हा मुद्दा नुसत्या पाणीटंचाईच्या तक्रारीपेक्षा कितीतरी भारी पडतो. आणि जेवढं पाणी आत जातं तेवढंच मैला आणि सांडपाणी होऊन बाहेर पण येतं ना, ते कुठे जाणार? तुमच्याकडे ड्रेनेज नाही, ओढा आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पडणाऱ्या गिया-बारे आजाराची साथ आली ती आठवत असेल, तेव्हा पाण्यावर संशय गेला आणि मग सगळ्यांना कळलं की ही गावं महापालिकेच्या कडेला इतकी वर्षं इमारतींनी भरली, २०२१ ला नांदेड, किरकटवाडी पालिकेत पण आली, तरी विहिरीचं पाणी फक्त क्लोरिन टाकून घरोघर जात होतं. आधी बांधकाम आणि मग कधीतरी पाणी ड्रेनेज हा क्रम पुण्याच्या चारी बाजूंनी झालाय, हिंजवडी तुम्हाला सांगायलाच नको, तुमच्या तालुक्याला लागूनच आहे, एवढं मोठं आयटी पार्क आणि सांभाळायला ग्रामपंचायत, २०२५ च्या पावसाळ्यात रस्त्यांची जी अवस्था झाली त्यानंतर तिथलेच रहिवासी आम्हाला महापालिकेत घ्या म्हणायला लागले. म्हणून हरकतीत हा प्रश्न स्पष्ट विचारा, पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार, आणि हे झोन बदलायच्या आधी ठरलंय का नंतर ठरणार आहे.

आवाजाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, त्यात रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, व्यावसायिक भागाला दिवसा ६५ आणि रात्री ५५. म्हणजे झोन बदलला की त्या जागेवर जास्त आवाज करायची कायदेशीर मुभाच मिळते, आणि डेसिबलमध्ये दहाचा फरक म्हणजे आवाजाची ताकद दहापट, दहा टक्के नाही. पलीकडच्या घरात म्हातारे आहेत, दहावीची मुलं आहेत, त्यांच्या भिंतीपाशी लग्नाचा हॉल येणार. उद्या तुम्ही पोलिसांना फोन केलात तर ते म्हणतील हा कमर्शियल एरिया आहे. हे आत्ताच लिहून ठेवा की सीमेवरच्या घरांना कुठली मर्यादा लागू राहणार ते मंजुरीत स्पष्ट करा.

लोक तुम्हाला अजून एक सांगतील, आत्ता कशाला घाई, प्रोजेक्टच्या वेळी पर्यावरणाची जनसुनावणी होईल तेव्हा बोलू. तसं होत नाही. २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते हे खरं, अकरा एकरावरचा मॉल त्यात बसेल, पण २००६ च्या त्या अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. त्यामुळे गावाला नावाने बोलावून ऐकून घेतलं जाईल अशी हीच वेळ आहे. यानंतर सरकारने अंतिम मंजुरी दिली की पुढचा दरवाजा थेट हायकोर्टाचा, वकील, पैसे, मुंबईच्या फेऱ्या.

ग्रामसभा मागा. ग्रामसभेच्या ठरावाने झोनचा निर्णय फिरतोच असं नाही, निर्णय राज्य सरकारचा आहे, हे आधीच सांगते म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. पण प्रस्तावाच्या फाइलमध्ये पंचायतीचा 'ना हरकत' कागद असेल तर तो कोणत्या सभेत झाला, त्या दिवशी कोरम होता का, हे बघायलाच हवं. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. बरेचदा असे ठराव नंतर सह्या फिरवून पूर्ण होतात. प्रोसिडिंग बुकाची, म्हणजे सभेच्या नोंदवहीची नक्कल मागा. आणि बायकांबद्दल तुम्ही लिहिलंत की सगळ्या काळजीत आहेत पण पुढे कोणी होत नाही, तर त्यांना पुढे व्हायला सांगूच नका, नुसतं ग्रामसभेला येऊन बसायला सांगा, विहिरीवर ज्या भेटतात त्या पंचवीस जणी जरी येऊन बसल्या आणि एकीने एकच प्रश्न विचारला की पाणी कुठून, तरी प्रोसिडिंगमध्ये तो लिहावा लागतो. लिहिला नाही तर लिहा म्हणून तिथेच आग्रह धरा.

आता एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते. बदल थांबेलच याची खात्री मी देत नाही. म्हणून हरकतीत दोन भाग करा. पहिल्या भागात बदल नको आणि का नको. दुसऱ्या भागात, तरीही शासनाने मंजूर केलाच तर या अटी मंजुरीच्या अधिसूचनेतच घाला. काही जणांना हे नमतं घेतल्यासारखं वाटतं, मला नाही वाटत, कारण सरकार असे बदल अटी घालून मंजूर करतंच, आणि मग त्या अटी बिल्डरच्या सोयीच्या का असाव्यात? ये-जा फक्त हायवेच्या बाजूने, वाडीच्या रस्त्याकडे गेट नको. सार्वजनिक विहिरीच्या परिसरात बोअर नको. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प चालू झाल्याशिवाय वापराचा दाखला नको, आणि तो स्वखर्चाने. वाडीच्या कडेने झाडांची रुंद मोकळी पट्टी. बांधकामाच्या गाड्या शाळा भरायच्या सुटायच्या वेळेला नकोत. सरपंचांनी सभेत दिलेला शब्द, बिल्डरने मंदिराला दिलेली देणगी, याला काही अर्थ नाही, जे अधिसूचनेत छापलं तेवढंच उद्या दाखवता येतं.

राहिलं घरचं, आणि तुमच्या पत्रात मला तेच जास्त जड वाटलं.

मिस्टर गप्प आहेत याचा अर्थ ते विरोधात आहेत असा काढू नका, भाऊ आणि बायको यांच्यात सापडलेला माणूस गप्पच बसतो. त्यांना बाजू घ्यायला लावू नका, काम सांगा. सातबारा काढून आणा म्हणावं. दिरांचा जो गट आहे तो नुसता त्यांच्या नावावर आहे की अजून सामाईक आहे, नणंदांची नावं आहेत का, सासूबाईंचं आहे का, हे बघायला हवंय, कारण सामाईक असेल आणि अर्जावर सगळ्यांच्या सह्या नसतील तर तो स्वतंत्र मुद्दा होतो, आणि घरातसुद्धा ही गोष्ट आजच कळलेली बरी. हे दिरांवर कुरघोडी म्हणून करू नका. त्यांनाही विचारा की तुम्ही सही केली ती नक्की कशावर, विक्रीचा करार आहे की नुसतं संमतीपत्र आहे, पैसे कधी मिळणार, झोन झाला नाही तर काय, कारण अशा व्यवहारात शेतकऱ्याला इसार देऊन वर्षानुवर्षं अडकवून ठेवल्याचं मावळ मुळशीत कोणालाही विचारा, आणि त्यांच्या हातात कागद नसेल तर त्यांना तुमच्या मदतीची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे.

आणि हरकत द्यायच्या आदल्या दिवशी स्वतः त्यांना सांगा. भाऊजी, मी उद्या हरकत देतेय, तुमच्या जमिनीला भाव मिळू नये म्हणून नाही, विहिरीसाठी आणि रस्त्यासाठी देतेय, हा कागद, वाचून बघा. ते चिडतील, एक दोन महिने बोलणार पण नाहीत कदाचित. पण दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर ते फसवल्यासारखं लागेल आणि ते जास्त वर्षं राहतं. सणवार, सासूबाईंचं दवाखान्याचं, जे एकत्र चालतं ते तसंच चालू ठेवा, त्यात या विषयाचा एक शब्द नको.

मुदत आधीपासूनच चालू आहे, त्यामुळे सगळ्यात आधी राजपत्राची तारीख. सुनावणीचं पत्र आलं की मला परत लिहा, तिथे प्रत्येकाला पाचेक मिनिटंच मिळतात, कोणी काय बोलायचं ते आपण वाटून घेऊ.